सल्कीवर बसायचंय? आधी खरारा धरा

चवथीला भाचा आला आणि म्हणतो मामा, मला हार्नेस रेसिंगचा ड्रायव्हर व्हायचंय, काय करू सांग. मी चार वर्षं कॅनडात, ओंटारिओत तबेल्यात राबून पेडण्याला परत आलोय म्हणून मला विचारतात. त्याला सांगितलं तेच इथे टाकतो.

पहिलं म्हणजे जॉकी डोक्यातून काढा. घोड्यावर कोणी बसत नाही, मागे दोन चाकांची हलकी गाडी असते, सल्की, तिच्यात पाय पसरून बसायचं, त्यामुळे जॉकीसारखं काटकुळं राहायची गरज नाही, नुस्तें-शीत, मासे-भात, चालू ठेवा. घोडा स्टँडर्डब्रेड जातीचा, आणि त्याने चौखूर पळायचंच नाही. एकतर ट्रॉट, म्हणजे आपली दुडकी, नाहीतर पेस, त्यात एका बाजूचे दोन्ही पाय एकदम पडतात. चाल मोडली की ओढून परत चालीवर आणायचा, तोवर बाकीचे गेले पुढे.

सुरुवात शेणापासूनच. रोज सकाळी साज चढवायच्या आधी चारही पायांवरून गुडघ्याखाली हात फिरवायचा, एखादा पाय जास्त ऊन लागला की लगेच ट्रेनरला सांगायचं. मी एकदा असेल काहीतरी म्हणून गप्प बसलो, दुसऱ्या दिवशी घोडा लंगडत बाहेर आला आणि मी महिनाभर शिव्या खाल्ल्या. पेसरला बहुतेक वेळा हॉबल घालतात, एका बाजूचा पुढचा-मागचा पाय जोडणारे पट्टे. एक भोक जास्त घट्ट झालं तर पाऊल आखूड पडतं, सैल राहिलं तर चाल मोडते. हे नुसतं बघून कळत नाही, रोज त्याच घोड्याला बांधावं लागतं.

मग जॉग कार्टवर, म्हणजे सरावाच्या गाडीवर बसवतात. शर्यतीच्या उलट्या दिशेने सावकाश काही मैल, आणि वेगाचं काम असलं की दिशा बदलायची, घोड्याला तेवढ्यावरून कळतं आज काय आहे ते. त्यानंतर क्वालिफाइंग रेस, म्हणजे पात्रतेची शर्यत, आणि लायसन्स, त्याचे नियम प्रत्येक ठिकाणचे वेगळे.

ड्रायव्हर की ट्रेनर हे मात्र लवकर ठरवा. हर्व्हे फिलिऑन नावाच्या ड्रायव्हरने 1989 मधे एका वर्षात 814 शर्यती मारल्या, ते दुसऱ्यांचे घोडे घेऊन दिवसभर ट्रॅकवर असल्याशिवाय होत नाही. दुसरा ड्रायव्हर स्टॅन्ली डान्सर, त्याचं वेगळं, घोडा स्वतः घडवायचा आणि स्वतःच हाकायचा, 1968 ला नेव्हेल प्राइड, 1970 ला मोस्ट हॅपी फेला, 1972 ला सुपर बाउल, या तीन घोड्यांचे तीन ट्रिपल क्राउन, म्हणजे एकाच वर्षात ठरलेल्या तिन्ही मोठ्या शर्यती. मला विचाराल तर माणूस डान्सर, पण पोट लवकर भरायचं असेल तर फिलिऑनची वाट धरा.

शर्यतीत एकच सांगतो, दुसऱ्याच्या पाठीमागे वारा चुकवत बसा, पुढच्याच्या बाहेरच्या बाजूला एकटं अडकलात की घोडा शेवटच्या वळणावर संपतो.

आणि हातमोजे इथून नेऊ नका, जानेवारीत त्यांच्यात लगाम धरलाय की नाही तेच कळत नाही.