जुनं कॉर्नेट हाती आलं, तर आधी ते घासू नका

जुन्या बाजारात किंवा बंद पडलेल्या बँड पथकाच्या माळ्यावर काळवंडलेलं कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटसारखं फुंकून वाजवायचं पितळी वाद्य, सापडलं की हात आपोआप चिंचेकडे जातो. समईला चिंच चालते. कॉर्नेटच्या भोंग्याचा पत्रा मात्र जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो आणि त्यावर कोरलेलं नाव त्याहून कितीतरी उथळ. दरवर्षी दसऱ्याला घासलेल्या वाद्यांवरची अक्षरं अशीच गेली आहेत. काळपट तपकिरी थर पितळाला खात नाही, तो राहू द्या.

आधी नोंद करा. तिरप्या उजेडात भोंग्यावरचा मजकूर, पिस्टनच्या (बोटाने दाबायच्या खटक्याच्या) नळकांड्यावरचा क्रमांक, पोचे आणि जुने डाख यांचे फोटो घ्या. 'बूझी अँड हॉक्स' असं ब्रिटिश वाद्यनिर्मात्यांचं जोडनाव असेल तर वाद्य १९३० च्या आधीचं नाही, कारण त्या वर्षी दोन कंपन्या एक झाल्या. त्यांची जुनी दफ्तरं लंडनच्या हॉर्निमन म्युझियमकडे आहेत. हार्मोनियमशी सूर लावला आणि वाद्य चढं लागलं, तर तो दोष समजू नका. जुन्या ब्रिटिश बँडचा सूरच चढा असे. तो उतरवायला नळीला तुकडा जोडून घेतला की वाद्याची मूळ लांबी कायमची हरवते.

अडकलेले भाग सोडवा, पण पक्कड लांब ठेवा. पिस्टन आणि सरकत्या नळ्यांच्या सांध्यांत गंज सोडवणारं पातळ तेल दोन-दोन थेंब घाला आणि रात्रभर थांबा. पिस्टनचं खालचं झाकण रबरी कापडाने धरून फिरवा. नळीच्या वळशातून सुती पट्टा ओवून सरळ रेषेत ओढा. माऊथपीस (फुंकायचं तोंड) अडकलं असेल तर ते काढायचं खास स्क्रूचं साधन मिळतं. पिळून काढायला गेलात तर माऊथपीस जागचं हलत नाही, पुढची नळीच मुरगळते. पिस्टनवर १, २, ३ असे आकडे असतात, ते जागच्या जागीच जायला हवेत.

धुणं. फेल्ट, बूच आणि स्प्रिंगा काढून ठेवा. कोमट पाण्यात सौम्य साबणाचे चार थेंब टाका आणि मऊ ब्रश आतून फिरवा. दहा मिनिटं पुरे. शेवटचं पाणी डिस्टिल्ड घ्या, कारण बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग बसतात. लगेच पुसून थंड हवेच्या ड्रायरने वाळवा. हिरवा कळंक बांबूच्या काडीने आणि तेलाच्या थेंबाने हळूच उचला. गुलाबीसर ठिपके दिसले तर तिथलं जस्त निघून गेलं आहे आणि सच्छिद्र तांबं उरलं आहे. ते घासून जात नाहीत, उलट भोक पडतं. लाखेचा मुलामा सुटत असेल तर धुऊच नका.

अमोनियापासून सांभाळा. ब्रिटिश लष्कराची पितळी काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवली की आपोआप तडकायची. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि थंड पत्रा ओढून घडवताना त्यात राहिलेला ताण, अशी तिन्ही कारणं एकत्र येत. भोंग्याच्या पत्र्यातही असाच ताण असतो. म्हणून अमोनिया असलेलं पॉलिश वापरू नका आणि वाद्य गोठ्यालगतच्या खोलीत किंवा खुराड्याजवळ ठेवू नका.

साठवण. हाताळताना नायट्राइलचे हातमोजे घाला. घामाचे ठसे पितळात कायमचे उमटतात. वर्तमानपत्र, लोकर आणि रबरबँड टाळा. लोकर आणि रबरातल्या गंधकाने चांदीचा मुलामा काळा पडतो. धुतलेल्या, खळ नसलेल्या मांजरपाटात गुंडाळून घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवा. मूळची पेटी टाकू नका, पण वाद्य तिच्यात ठेवू नका. कॉर्नेटएवढ्या डब्याला दोनशे ग्रॅम ओल शोषणारं सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक पुरतो. काटा पन्नास टक्क्यांच्या खाली राहायला हवा. कोकणात जून ते सप्टेंबर दर आठवड्याला बघा. केशरी जेल हिरवट झालं की १२० अंशांवर दोन-तीन तास तापवा आणि पूर्ण गार झाल्यावरच परत ठेवा.