मशीन चेकची नोंद आणि रॅमची एक पट्टी

फोंड्यातील एका कार्यालयाचा लिनक्स सर्व्हर पावसाळ्यात अधूनमधून आपोआप रीस्टार्ट होत असे आणि सगळे विजेला दोष देऊन मोकळे होत. गोव्यात तो संशय सहसा खोटाही ठरत नाही. लिनक्सचा गाभा असलेल्या कर्नलच्या नोंदीत मात्र ‘मशीन चेक’ असा उल्लेख होता. एक्स८६ प्रोसेसरला हार्डवेअरमधील गंभीर चूक आढळली की तो १८ क्रमांकाचा एक्सेप्शन, म्हणजे चालू काम थांबवणारा मशीन चेकचा इशारा, उठवतो आणि तपशील स्टेटस रजिस्टर या आपल्या आतल्या छोट्या साठवणीत ठेवतो. त्यातला ६१ क्रमांकाचा बिट चूक दुरुस्त न झाल्याचे, तर ५७ क्रमांकाचा प्रोसेसरची स्थितीच बिघडली असल्याची शक्यता सांगतो, आणि हा दुसरा बिट लागलेला असेल तर कर्नल पॅनिक होतो, म्हणजे सगळे काम तिथेच थांबवतो, जे माझ्या मते योग्यच आहे. मशीन चेकची दखल घेणेच बंद करणारा ‘एमसीई=ऑफ’ हा बूट पर्याय सुचवणारेही भेटले, पण त्याने केवळ तक्रार बंद झाली असती.

दुरुस्त होणाऱ्या चुका कर्नल नोंदवतो आणि पुढे जातो. रासडेमन हा अशा चुकांची नोंद ठेवणारा प्रोग्राम बसवल्यावर त्या साऱ्या एकाच रॅमच्या पट्टीवर येताना दिसल्या. पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये लावली, तशा चुकाही तिच्यामागोमाग गेल्या. म्हणजे मदरबोर्ड निर्दोष होता. तिच्या सोनेरी टोकांवर काळपट डाग धरले होते, बहुधा दमट हवेमुळे. ते पुसूनही नोंदी थांबेनात, तेव्हा नवी ईसीसी (मेमरीतल्या चुका ओळखून दुरुस्त करणारी) पट्टी बसवली. त्यानंतर रासडेमनमध्ये मेमरीची एकही चूक उमटलेली नाही.