नाताळासाठी टाकाऊ लाकूड: करवत हाती घेण्याआधीची तयारी

टाकाऊ लाकडातून नाताळासाठी तारा, येशूजन्माचा गोठा, भिंतीवरचं झाड करायचं असेल तर तुळशीचं लग्न आटोपलं की लाकडाला हात घालावा. त्याआधी घाई नको, कारण पावसाळाभर पडवीत पडून राहिलेली फळी वरून कोरडी दिसली तरी आतून गार लागते आणि तिचा केलेला तारा नाताळाच्या तोंडावर वाकडा होतो. म्हणून पहिलं काम वाळवणाचं. जमवलेले तुकडे पुसून घ्या, मध्ये रिपांचे (अरुंद लाकडी पट्ट्यांचे) तुकडे घालून सावलीत, वारा खेळेल असे एकावर एक रचा. थेट उन्हात टाकलंत तर टोकांकडून चिरा जातील. वाळलं की नाही याची शंका असेल तर एक तुकडा स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला, वजन त्याच्यावरच पेन्सिलीने लिहा आणि आठवड्याने पुन्हा तोला. वजन अजून उतरत असेल तर थांबा.

लाकूड आणायचं कुठून? कौलारू घर उतरवलं जातं तेव्हा निघणारे वासे, रिपा आणि दारांच्या फळ्या हा गोव्यातला सगळ्यात चांगला माल. त्यात सागवान सापडतं, फणस सापडतो, आणि इतक्या वर्षांत ते सुकायचं तितकं सुकलेलं असतं. घरमालकाला आधी विचारा, भंगारवाल्याने उचलल्यावर किंमत दुप्पट होते. सुताराच्या शेडमध्ये कोपऱ्यात पडलेले तुकडे बहुतेक फुकट मिळतात. चहा पाजावा लागतो इतकंच. सजावटीला फांद्यांच्या चकत्या हव्या असतील तर पावसात मोडून पडलेल्या फांद्या घ्या. चकत्यांसाठी उभं झाड तोडायला जाऊ नका, गोव्यात १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे त्याला परवानगी लागते.

वेर्णा, कुंडईसारख्या औद्योगिक वसाहतींकडून येणाऱ्या पॅलेट (माल रचायच्या लाकडी चौकटी) आणि खोक्यांच्या फळ्या स्वस्त पडतात, पण त्यावरचा शिक्का वाचल्याशिवाय घरात आणू नका. परदेशी मालाबरोबर फिरणाऱ्या लाकडी पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचं चिन्ह असतं, दोन अक्षरी देशाचा संकेत असतो आणि शेवटी लाकडावर काय प्रक्रिया केली ते सांगणारी रोमन अक्षरं. एचटी असेल तर लाकूड तापवलेलं आहे, गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमान किमान ३० मिनिटं, ते घ्या. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. ते तिथेच सोडा. शिक्काच नसेल, किंवा फळीवर तेलाचे, रसायनांचे डाग असतील, तर मुलांच्या हातात जाणाऱ्या वस्तूंसाठी ती वापरू नये असं माझं मत. पाइनची फळी हवी तेवढी मिळते, तिच्यासाठी जीव टाकण्यात अर्थ नाही.

जुना रंग हा खरा धोका. हिरव्या-निळ्या पापुद्र्यांची खिडकी फार सुंदर दिसते आणि सगळ्यांना नेमकी तीच हवी असते. घरगुती रंगात शिसं दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त नको, हा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात किती शिसं असेल ते डोळ्यांनी कळत नाही. म्हणून अशा लाकडावर कोरडा पॉलिश पेपर मारायचा नाही. ती धूळ श्वासात जाते. सुटणारे पापुद्रे ओल्या कपड्याने पुसून काढा, कपडा टाकून द्या, वर साधं वॉर्निश मारून रंग बंद करा आणि वस्तू लहान मुलांच्या हातापासून दूर, भिंतीवर उंच लावा. तसं जमणार नसेल तर खिडकी राहू द्या.

आता भुंगा. लाकडाला टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आहेत आणि आपटल्यावर पिठासारखा भुसा पडतो, तर कीड अजून आत आहे. आंब्याच्या लाकडाला ही खोड जास्त. असा तुकडा बाकीच्या ढिगाजवळही ठेवू नका, नाहीतर नाताळ सरेल आणि कपाट पोखरायला लागेल.

हत्यारं फारशी लागत नाहीत. बारीक दातांची करवत, काटकोन बघायला गुण्या, हातोडी, खिळे उपटायला जंबूर, हातड्रिल, दोन सी क्लॅम्प, ८०, १२० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर, फेव्हिकॉल, मास्क. एक जुन्या स्पीकरचा लोहचुंबकही हाताशी ठेवा; करवत चालवण्याआधी फळीवरून फिरवला की आत मोडून राहिलेला खिळा कळतो. सागवान तेलकट असतं, त्यामुळे जोड लावायच्या जागी नुकतंच घासून लगेच फेव्हिकॉल लावावा. खिळ्यांऐवजी पितळी स्क्रू घ्या. खाऱ्या वाऱ्यात लोखंडी खिळा गंजतोच, शिवाय सागवान-फणसावर त्याच्याभोवती काळा डाग पसरतो.

गोठ्यासाठी आधी मूर्ती हातात हव्यात. शेजारच्या ख्रिस्ती घराला किंवा वाड्याला (वस्तीला) गोठा करून देणार असाल तर त्यांच्या मूर्ती मागून आणा आणि मोजा. उभा जोजेफ १५ सेंटीमीटरचा असेल तर पुढची मोकळी उंची २२ तरी ठेवा आणि रुंदी ४५, म्हणजे गाय, गाढव, मेंढपाळ एकमेकांना खेटणार नाहीत. छपराला रिपांचे आखूड तुकडे, वर गवत किंवा माडाच्या झावळ्या. जमिनीला चिऱ्याचा (जांभ्या दगडाचा) लाल चुरा. कापसाचं बर्फ कृपा करून नको. आसिसीच्या फ्रान्सिसने १२२३ मध्ये ग्रेच्चो गावात पहिला गोठा मांडला म्हणतात, तिथं डिसेंबरात बर्फ पडतही असेल, आपल्याकडे उंडो (गोव्यातला गोल पाव) खाताना घाम येतो. हिरवळीसाठी करवंट्यांमध्ये नाचणी पेरा, पण ती आठ-दहा दिवस आधी, म्हणजे कोंब ताजे असतानाच २४ ची रात्र येते. बाळ येशू मध्यरात्रीच्या मिसेपर्यंत (चर्चमधल्या प्रार्थनेपर्यंत) गोठ्यात ठेवायचा नसतो, त्यामुळे त्याची जागा मोकळी सोडा आणि ती मापातही धरा.

ताऱ्यासाठी पाच सारख्या रिपा, अडीच सेंटीमीटर रुंद आणि एक सेंटीमीटर जाड. कोन मोजत बसू नका. प्रत्येक रिपेच्या दोन्ही टोकांना भोक पाडा, भोकाभोकांमध्ये ६० सेंटीमीटर ठेवा, टोकं एकमेकांवर घेऊन आत-बाहेर विणा आणि शेजारच्या दोन टोकांत ३७ सेंटीमीटर अंतर पाची बाजूंना भरेपर्यंत सरकवत राहा. भरलं की मधली फुलीची ठिकाणं तांब्याच्या तारेने बांधा. आकाशकंदिलाच्या कामट्या बांधलेल्या माणसाला हे सांगायलाही नको. दिवे एलईडीच लावा आणि वायरचा जोड बाहेर उघडा ठेवू नका. भिंतीवरचं झाड सोपं: उतरत्या लांबीच्या काठ्या काथ्याच्या दोन दोऱ्यांत अडकवल्या की झालं. चकत्या सव्वा सेंटीमीटर जाडीच्या आणि तिरक्या कापा, आडव्या कापलेल्या जास्त तडकतात.

शेवटचा हात जवसाच्या तेलाचा, हार्डवेअरमध्ये लिनसीड ऑइल म्हणून मिळतं. पातळ लावा, जादा पुसून घ्या. पुसलेला बोळा चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, तो आपोआप तापून पेट घेऊ शकतो. अंगणात पसरून पूर्ण वाळल्यावरच कचऱ्यात. काजूच्या टरफलांचं तेल कीड लागू देत नाही, पण कातडी भाजतं, सजावटीला नकोच. चमकीचा स्प्रेही नको. तो मारायचा होता तर लाकूड कशाला शोधलंत?

६ जानेवारीला गोव्यात रेइश मागुश, कासावली, चांदरला तीन राजांचं फेस्त (चर्चचा सण) होतं, तोवर सगळं लावलेलं राहू द्या. उतरवताना ताऱ्याच्या तारा सोडा, रिपा सपाट बांधा, प्लास्टिकऐवजी वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवा. प्लास्टिकमध्ये ओल कोंडून बुरशी येते. काथ्या टाकून द्या, पुढच्या वर्षी नवा घ्यायचा. रिपांच्या पाठीवर १ ते ५ आकडे घालायला मात्र विसरू नका, भोकं एकमेकांशी जुळवण्यात अख्खी संध्याकाळ जाते.