रिकॉम्बिनंट एचयूआर हातात आलं की प्रयोगाआधी काय तपासावं

एचयूआर हे माणसाच्या पेशीतलं आरएनएला धरणारं प्रोटीन. 326 अमिनो आम्लं, साधारण 36 किलोडाल्टन, आरएनए पकडणारे तीन आरआरएम भाग. एमआरएनएमधल्या एयू-समृद्ध (ए आणि यू ही अक्षरं जास्त असलेल्या) पट्ट्यांवर ते बसतं. रिकॉम्बिनंट, म्हणजे जीन दुसऱ्या पेशीत घालून बनवलेलं, एचयूआर बऱ्याचदा ई. कोलाय या जिवाणूमध्ये, हिस टॅग (निकेलला चिकटणारी हिस्टिडीनची शेपटी) लावून बनवतात, आणि खरी मेख तिथेच आहे. ज्याचं कामच आरएनए धरणं, ते जिवाणूच्या पेशीतून रिकाम्या हाताने बाहेर येत नाही.

व्हायल बर्फावरच वितळू द्या, व्होर्टेक्स करू नका. एकदा वापरून संपतील एवढे छोटे वाटे करा आणि लगेच उणे 80 ला ठेवा. पुन्हा पुन्हा गोठवलं-वितळवलं की प्रोटीनच्या गुठळ्या होतात.

मग स्पेक्ट्रो, म्हणजे नमुना किती प्रकाश शोषतो ते मोजणं. ब्लँकला पाणी घेऊ नका, प्रोटीनचाच बफर घ्या. बफरमधलं डीटीटी (प्रोटीनला ऑक्सिडेशनपासून वाचवणारं रसायन) ऑक्सिडाइज झालं की 280 नॅनोमीटरचं रीडिंग फुगवतं. शुद्ध प्रोटीनचं 260/280 गुणोत्तर (260 आणि 280 नॅनोमीटरच्या रीडिंगचं) 0.6 च्या आसपास असतं. ते 1 च्या पुढे गेलं, तर आत जिवाणूचं आरएनए किंवा डीएनए आहे असंच धरून चाला. अशा वेळी 280 वरून काढलेलं कॉन्सन्ट्रेशनही चुकतं, ब्रॅडफर्ड (रंगाने प्रोटीन मोजणारी चाचणी) करावं लागतं. कूमासीने (प्रोटीनच्या रंगाने) रंगवलेल्या जेलमध्ये एकच सुबक बँड दिसला म्हणून समाधान मानू नका. कूमासी आरएनए दाखवत नाही.

प्रोटीन स्वतः बनवत असाल तर निकेल कॉलमवर असतानाच 1 मोलर सोडियम क्लोराइडने धुवा, म्हणजे चिकटून आलेला आरएनए सुटतो; त्यानंतर हेपरिन कॉलम लावा. विकतचं असेल तर दुसरा लॉट मागा. हा आग्रह मी कधीच सोडत नाही: जागा आधीच अडलेल्या प्रोटीनवर बंधनाचा कुठलाही आकडा काढण्यात अर्थ नाही.

दुसरी तपासणी आरएनेजची, म्हणजे आरएनए तोडणाऱ्या एन्झाइमची. प्रोटीन आणि तुमचा आरएनए 37 अंशांवर अर्धा तास ठेवा, सोबत प्रोटीनशिवायचा कंट्रोल. मग प्रोटिनेज के घालून प्रोटीन पचवा आणि डिनेचरिंग जेलवर चालवा. पचवलं नाही, तर प्रोटीनला चिकटलेला आरएनए वर अडकतो आणि तुटला की अडकला हे कळत नाही. इनहिबिटर घातलाय म्हणून निर्धास्त राहू नका. नेहमीचा आरएनेज इनहिबिटर आरएनेज ए ला रोखतो, ई. कोलायच्या आरएनेज वन ला नाही.

आता जेल शिफ्ट: प्रोटीन चिकटलेला आरएनए जेलमध्ये मागे राहतो, ते पाहायचं. लेबल केलेला आरएनए केडीपेक्षा (ज्या प्रोटीन-प्रमाणाला निम्मा आरएनए बांधला जातो त्यापेक्षा) बराच कमी ठेवा आणि प्रोटीन वाढवत न्या. टीआरएनए घाला, म्हणजे उगाच चिकटणं कमी होतं. यू बदलून सी केलेला प्रोब (लेबल केलेला आरएनए) शेजारच्या लेनमध्ये हवाच; तोही तितकाच सरकला तर तुम्ही एचयूआरची निवड मोजत नाही आहात, नुसता धनभार मोजताय.

शेवटी, व्हायलमधलं किती प्रोटीन खरंच काम करतंय ते पाहा. एकच जागा असलेला छोटा आरएनए केडीच्या कितीतरी वर ठेवून प्रोटीन वाढवत न्या. एकास एक प्रमाणाऐवजी दुप्पट प्रोटीन घातल्यावर आरएनए भरला, तर निम्मंच प्रोटीन कामाचं आहे. केडी काढताना मग तेवढंच धरा.