मालदीवचं पाणी खारट कसं होतं, ते फिशटँकात करून दाखवा

विज्ञान प्रदर्शनात दरवर्षी तोच ज्वालामुखी अन् तीच पवनचक्की, त्यापेक्षा यंदा हे करा. आपल्या जळगाव-धुळ्याच्या पोरांना बोअर आटणं काय असतं ते शिकवावं लागत नाही, पण बोअरला पाणी असून ते पिता येत नाही हे त्यांना नवीन. मालदीवची सुमारे ८० टक्के जमीन समुद्रापेक्षा एक मीटरही वर नाही, तरी बेट बुडायच्या कितीतरी आधी तिथलं गोडं पाणी जातं, तेच दाखवायचं.

छोटा फिशटँक घ्या, अरुंद असेल तर उत्तम. तापीची बारीक वाळू चाळून, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा (इथे आळस केला तर नुसता गढूळ चहा दिसेल). मधोमध ढीग करा, पुढच्या काचेला चिकटलेला, दोन्ही बाजू मोकळ्या. लिटरला ३५ ग्रॅम मीठ अन् जिलबीचा रंग टाकून समुद्र करा, तो बाजूने हळूहळू अर्ध्या ढिगापर्यंत ओता अन् वाळूत मुरू द्या.

आता पाऊस. ठिबकची मायक्रोट्यूब ढिगावर सोडून साधं पाणी थेंब थेंब पाडा, बाजूचं वाढलेलं वाटीने काढत राहा. गोडं पाणी हलकं, म्हणून ते खाऱ्यावर तरंगतं अन् काचेतून वाळूत बिनरंगी फुगवटा दिसायला लागतो, बेटावरच्या विहिरी यावरच चालतात.

मग सिरिंजला नळी लावून फुगवट्यातून पाणी ओढा. हळू ओढलं तर गोडं येतं, दणादण ओढलं की खालून रंग वर चढतो. हिशोब असा की गोडं पाणी समुद्रपातळीच्या वर एक फूट असेल तर खाली साधारण ४० फूट असतं, म्हणजे वरचं फूटभर उतरलं की खारं पाणी ४० फूट वर येऊ पाहतं. आपल्याकडे उपसा जास्त झाला तर बोअर अजून खोल मारतात, तिथे खोल गेलं की खारंच.

शेवटी लाट, रंगीत पाणी थेट ढिगावरून जाऊ द्या. २००४ च्या त्सुनामीत तिथल्या विहिरी अशाच वरून नासल्या. समुद्र वाढवायला टँकात बर्फ टाकू नका, तरंगता बर्फ वितळून पातळी जवळपास वाढतच नाही, जमिनीवरचा वितळला तर वाढते, शिवाय पाणी तापून फुगतं ते वेगळंच.

कोणी विचारेलच, मग राजधानीत पितात काय? समुद्राचंच, मीठ काढून. डिसेंबर २०१४ मध्ये मालेच्या त्या प्लांटला आग लागली तेव्हा भारताने विमानं अन् जहाजांनी पाणी पाठवलं होतं.

उरलेलं मिठाचं पाणी शाळेच्या झाडांना घालू नका, सर ओरडतील.