गाडीला अलार्म बसवताय? आधी शॉक सेन्सर विचारा
परवा कोथरूडला रस्त्यावर लावलेल्या आमच्या गाडीच्या काचेच्या रबरात कोणीतरी पट्टी घालून लॉक उघडायला बघितलं, रबर फाटलं, दाराला ओरखडे, बाकी वाचलं. कंपनीचा अलार्म होता की, पण तो दार उघडल्यावरच बोंबलणार, म्हणजे उद्या काच फोडून बॅग उचलली तरी गप्पच. म्हणून नवीन अलार्म घेताना शॉक सेन्सर, म्हणजे काचेला-दाराला धक्का बसला की अलार्म वाजवणारा सेन्सर, आहे का ते पहिलं विचारा आणि त्याची सेन्सिटिव्हिटी कमी-जास्त करता येते का तेही, नाहीतर गणपतीत ढोल वाजला की गाडी पण वाजणार आणि दोन दिवसांत सोसायटीवाले वैतागून तुम्हालाच अलार्म काढायला लावतील. फिटिंगवाला वायरी कापून टेप गुंडाळायला लागला तर सरळ थांबवा, कपलरवालंच, म्हणजे वायर न कापता प्लगसारखं जोडता येणारं किट मागा, वायरिंग कापलं की वॉरंटीला लफडं होऊ शकतं. सायरन बॉनेटच्या आत, खालून हात पोचणार नाही असा लावून घ्या. गाडी चारचार दिवस उभी राहत असेल तर बॅटरीकडे लक्ष ठेवा, अलार्म थोडा करंट खातोच. आणि हो, लॅपटॉपची बॅग सीटवर ठेवू नका राव.