मामांची मोटार दर चार तासांनी जळायची

एम.एस्सी. संख्याशास्त्र झालं आणि आता जीवनकाल-वितरणांच्या बेजियन अंदाजाकडं, म्हणजे रिलायबिलिटी किंवा सर्व्हायव्हलकडं (वस्तू किंवा माणूस किती काळ टिकतो, हे आधीची समजूत आणि डेटा जोडून मोजणं) वळायचंय, अशांसाठी हे लिहितोय. लाइकलीहूड (डेटा काय सांगतो), प्रायर (डेटाआधीची समजूत), गॅमा वितरण एवढं येतं असं धरून चालतो. येत नसेल तर आधी ते करून या. त्याला दोन आठवडे पुरतात आणि त्यात कमीपणा काही नाही. मी ते कच्चं ठेवून पुढं गेलो, आणि त्याची किंमत आठ महिने भरली.

माझं थोडक्यात सांगतो. गाव औसा तालुक्यातलं, एम.एस्सी. नांदेडला, मग तीन वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं. ते मानधन म्हणजे सेन्सॉर्ड निरीक्षणाचं उत्तम उदाहरण आहे: आजपर्यंत आलेलं नाही, एवढंच खात्रीनं सांगता येतं. त्यातच पीएच.डी. चालू होती. आता वाळूजच्या एका कारखान्यात वॉरंटीचा डेटा बघतो.

माझा पहिला खरा डेटा मामांच्या दुकानातला. लातूरला त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. बोअरमधली सबमर्सिबल जळाली की शेतकरी ती काढून आणतो, मामा नवं वाइंडिंग भरून देतात आणि रजिस्टरला तारीख, नाव, फोन नंबर, एचपी लिहितात. त्यातल्या ३० मोटारी मी घेतल्या. ६ परत जळून आल्या होत्या, त्यांनी मिळून १०८ महिने काढले होते. उरलेल्या २४ परत आल्याच नव्हत्या. मी रजिस्टर उतरवलं त्या दिवसापर्यंत त्यांचे ४३२ महिने होत होते.

इथली पहिली चूक सगळ्यांना माहीत असते, म्हणून लवकर उरकतो. फक्त सहा जळालेल्यांची सरासरी काढली तर १८ महिने येते. ते उत्तर चूक, कारण २४ मोटारी चालू असल्याची माहिती तुम्ही फेकून दिली. एक्स्पोनेन्शियल (वय वाढलं तरी जळण्याचा धोका तोच, असं मानणारं वितरण) धरलं तर एकूण ५४० मोटार-महिने भागिले ६, म्हणजे ९० महिने. वाइंडिंगचं इन्सुलेशन जुनं होत जातं, म्हणून इथं एक्स्पोनेन्शियल खरं तर बसत नाही. पण हिशेब कागदावर होतो, म्हणून तेच घेऊन पुढं सांगतो.

आता मी जिथं पडलो ती जागा. हे जरा लांबेल.

मामांना विचारलं, रिवाइंडिंग केलेली मोटार सरासरी किती दिवस जाते? ते म्हणाले, "अडीच वर्षं धर. पाणी तळाला गेलं अन् कोरडी फिरली तर त्याच दिवशी जाती, ते सोड." अडीच वर्षं म्हणजे ३० महिने. जळण्याचा दर लॅम्डा, त्याला गॅमा प्रायर. दोन आकडे हवेत. मी ३ आणि ६० घेतले, म्हणजे जणू ६० मोटार-महिन्यांत तीन मोटारी जळताना मामांनी पाहिल्या. त्यातून सरासरी आयुष्याचा प्रायर मध्य ६० भागिले २ (३ उणे १), म्हणजे बरोबर ३०. (३ भागिले ६० करून त्याचा व्यस्त घेतलात तर २० येईल. व्यस्ताची सरासरी आणि सरासरीचा व्यस्त एक नसतात. हे परीक्षेत सगळ्यांना येतं आणि कामात कुणाला आठवत नाही.) डेटा आला की ३ मध्ये ६ जळालेल्या मिळवायच्या, ६० मध्ये ५४० महिने मिळवायचे: ९ आणि ६००. पोस्टेरियर, म्हणजे डेटा मिळवल्यानंतरचा, मध्य ६०० भागिले ८, म्हणजे ७५ महिने. मामांचे ३० आणि डेटाचे ९० यांच्यामध्ये, डेटाच्या बाजूला. सगळं शहाण्यासारखं.

हे मी वहीत बरोबर केलं होतं. पेपर लिहिताना मात्र सूत्र घेतलं एका जुन्या पेपरातलं. त्या पेपरात गॅमाचा दुसरा आकडा स्केल होता, माझ्या वहीत तो रेट होता. रेट म्हणजे स्केलचा व्यस्त. दोन्हीकडं अक्षर तेच, बीटा. मी ६० उचलला आणि तसाच तिथं ठेवला. सूत्राच्या दृष्टीनं माझा रेट झाला एक साठांश. पोस्टेरियरमध्ये ५४० मध्ये मिळालं ०.०१७ आणि मध्य आला ६७.५ महिने.

६७.५ कडं पुन्हा बघा. हे उत्तर वेडंवाकडं दिसत नाही. ऋण नाही, हजारात नाही, ३० आणि ९० च्या मधोमध सभ्यपणे बसलंय. मी ते बघितलं, गाइड सरांनी बघितलं, सेमिनारला बसलेल्या सगळ्यांनी बघितलं, मग चहा झाला. सिम्युलेशननंही पकडलं नाही. सॅम्पल वाढवला की एमएसई (चुकीच्या वर्गाची सरासरी) कमी होतो, तसा तो झाला. चुकीच्या प्रायरसकटही तो कमी होतोच. वर्गहानी आणि लाइनेक्स (अंदाज चुकल्याचं नुकसान मोजायच्या दोन पद्धती) यांचे सोळा तक्ते मी त्यावर रचले.

पकडलं एका रिव्ह्यूअरनं, एका ओळीत: तुमच्या प्रायरनुसार महिन्याला सरासरी किती बिघाड होतात? मी कॅल्क्युलेटर काढला. आकार (शेप) ३, स्केल ६०, मध्य १८०. महिन्याचे ७२० तास भागिले १८०. माझ्या प्रबंधातली मोटार दर चार तासांनी जळत होती. शेतीची लाइट सुद्धा एवढ्या वेळा जात नाही.

त्या रात्री मी रिव्ह्यूअरला शिव्या घातल्या. आता तो भेटला तर त्याला मामांच्या दुकानाशेजारचा चहा पाजीन.

तर करायचं काय? डेटाला हात लावायच्या आधी प्रायरमधून लॅम्डा काढा, त्या लॅम्डातून आयुष्यं काढा, शंभर-दोनशे, आणि ती यादी मोटारीतलं कळणाऱ्या माणसाला दाखवा. बेजियन भाषेत याला प्रायर प्रेडिक्टिव्ह तपासणी म्हणतात. तीन ओळींचा कोड आहे. माझी यादी मामांनी पाहिली असती तर वाचायला चष्माही लावला नसता.

आणि हा खड्डा एका जागी नसतो. सॉफ्टवेअरं बघा: आर मध्ये गॅमाचा क्रमानं येणारा दुसरा आकडा रेट आहे, जॅग्स आणि स्टॅनमध्येही रेट, पायथनच्या नमपायमध्ये मात्र स्केल. वायबुलला (वयानुसार जळण्याचा धोका बदलू देणारं वितरण) तर जत्राच आहे. आर आणि स्टॅन शेप-स्केल घेतात. जॅग्सचा लॅम्डा म्हणजे स्केलचा शेपाएवढा घात, आणि त्याचा व्यस्त. स्केल ३० महिने धरा: शेप २ असेल तर लॅम्डा ९०० वा भाग, शेप दीड असेल तर साधारण १६४ वा भाग. म्हणजे शेप हलला की लॅम्डाचं एककच बदलतं, आणि तुम्ही दोघांना वेगवेगळे प्रायर देऊन "स्वतंत्र" म्हणून मोकळे होता. आर मधल्या सर्व्हरेग या फंक्शनच्या निकालात "स्केल" असं छापून येतं तो वायबुलच्या शेपचा व्यस्त असतो. वायबुलचा खरा स्केल इंटरसेप्टच्या घातांकात लपलेला. या एका शब्दानं किती पोरांचं वाटोळं केलं असेल.

म्हणून वायबुलला मी लॅम्डावर प्रायर ठेवतच नाही. मध्यायुष्यावर, म्हणजे मीडियनवर, ठेवतो. मिस्त्रीला "स्केल किती" विचारता येत नाही. "दहातल्या पाच मोटारी कधीपर्यंत जळालेल्या असतील" हे विचारता येतं आणि त्याचं उत्तर तो देतो. शेप २ आणि स्केल ३० ला ते उत्तर जवळजवळ २५ महिने येतं. दोन्ही पॅरामीटर अज्ञात असताना वायबुलला सतत स्वरूपाचा संयुग्मी प्रायर (डेटा मिळवल्यावरही त्याच कुळात राहणारा) नाही, हे सोलंडनं १९६९ मध्येच दाखवलंय. सोपं सूत्र मिळणारच नसेल तर निदान माणसाला कळेल अशा राशीवर तरी प्रायर ठेवा.

(वायबुलच्या १९५१ च्या मूळ पेपरातल्या सात उदाहरणांपैकी एक भारतीय कापसाच्या तंतूच्या ताकदीचं आहे. आपल्याकडं कापूस एवढा पिकतो, पण हे मला एम.एस्सी.ला कुणी सांगितलं नाही.)

आता माझी मतं. पटली नाहीत तर सोडून द्या.

नवीन वितरण काढू नका. जुन्या वितरणाला घात लावायचा, मग ट्रान्सम्युटेशन लावायचं, पाच पॅरामीटरांचं नाव द्यायचं आणि कुठला तरी जुना डेटा बसवून दाखवायचा. पेपर होतो, नोकरी होत नाही. मुलाखतीत मला कुणीही नवं वितरण विचारलं नाही. विचारलं ते हे: सेन्सॉरिंग कसं हाताळलं, आणि प्रायर कुठून आणला?

लिंडलीचं पोस्टेरियरचं अंदाजी सूत्र, १९८०, एकदा हातानं करा. तिसरे डेरिव्हेटिव्ह काढताना लाइकलीहूड अंगात भिनते. टियर्नी आणि केडेन यांचं, १९८६, वाचून सोडा. पण १९९० मध्ये गेलफंड आणि स्मिथ यांनी गिब्ज सॅम्पलिंग (कॉम्प्युटरनं पोस्टेरियरमधून नमुने काढणं) दारात आणून ठेवल्यावरही आख्खा प्रबंध लिंडलीवर उभा करायचा, हा नुसता हट्ट आहे.

लाइनेक्सच्या सूत्रातल्या सी या आकड्याला अधिक एक आणि उणे एक घालून दोन स्तंभ भरायची पद्धत आहे. वर आपण सरासरी आयुष्य काढलं, त्याचा पोस्टेरियर व्यस्त-गॅमा असतो. त्याला उणे सी चालतच नाही, कारण ती अपेक्षा अनंत आहे. कॉम्प्युटर तरी आकडा देतो. नमुने मोजके असतात, अनंत त्याला दिसत नाही. माझ्या सोळा तक्त्यांपैकी आठ तसे होते. हे रिव्ह्यूअरच्याही नजरेतून सुटलं. मीच काढून टाकले.

गाइडबद्दल एवढंच म्हणेन: तक्ते किती झाले हे विचारणारा गाइड वाईट माणूस नसतो, त्यालाही वर कुणीतरी तेच विचारत असतं. पण "हा आकडा खरा असेल तर जगात काय घडेल" असं विचारणारं एक माणूस शोधून ठेवा. विद्यापीठातच मिळेल असं नाही. आणि नेटवरून उचललेला कोड चालवण्याआधी त्यातल्या प्रत्येक वितरणाचा दुसरा आकडा काय आहे ते वहीत लिहा. आळस कराल तर माझ्यासारखे आठ महिने जातील, आणि तुमचा रिव्ह्यूअर माझ्याएवढा बरा असेलच असं नाही.

घाबरूही नका. हा विषय मराठी माध्यमातून आलेल्या, गणितात मध्यम असलेल्या माणसाला जमतो, मला जमला. जॅग्समध्ये सेन्सॉर्ड निरीक्षणांची चेन (नमुन्यांची साखळी) सुरू होतानाच अडेल. त्यांच्या सुरुवातीच्या किमती सेन्सॉरिंगच्या वेळेपेक्षा मोठ्या द्या, सुटेल. यावर मी चार रात्री घालवल्या आणि पदवी सोडायचा विचार केला. उपाय एका ओळीचा होता.

पेपर सुधारून ७५ महिने लिहिले, मग एका रविवारी मामांना दाखवायला गेलो. मामांनी आकडा पाहिला आणि म्हणाले, "सव्वासहा वर्षं? काय मोजायलास रे? न आलेल्या सगळ्या चालू हैत असं धरलास का?"

मी म्हटलं, "हो मामा, रजिस्टरला परत नोंद नाही."

"आरं, ज्याची लवकर जळाली तो माझ्याकडं कशाला येईल? दुसऱ्याकडं जाईल, अन् चौकात माझं नाव घेऊन जाईल."

रजिस्टरला फोन नंबर होते. आम्ही दोघांनी २४ जणांना फोन लावले. तिघांच्या मोटारी जळून दुसऱ्या दुकानात भरून झाल्या होत्या. त्यातल्या एकानं तर मामांना फोनवरच ऐकवलं. त्या तिघांचे मी ३० महिने जादा मोजले होते. जळालेल्या झाल्या ९, महिने ५१०, पोस्टेरियर १२ आणि ५७०, मध्य ५७० भागिले ११. जवळजवळ ५२ महिने.

रेट-स्केलच्या चुकीनं साडेसात महिने इकडचे तिकडं झाले होते. तीन फोनांनी तेवीस. पेपर तोवर छापायला गेला होता. आता वाळूजला वॉरंटीची नवी फाइल आली की कोड उघडायच्या आधी मी सर्व्हिस सेंटरला फोन लावतो.